ओढ्याकाठचा कोको

मुखेडकडे आमची थोडी जमीन आहे. बरीचशी कोरडवाहू, सोयाबीन-तुरीची. ओढ्याच्या कडेचा एक तुकडा तेवढा ओलिताचा. तिथे सासऱ्यांनी लावलेले आंबे आहेत, विहीर आहे, आणि भर एप्रिलमध्येही त्या आंब्यांखाली बसलं की जिवाला बरं वाटतं. आम्ही मात्र राहायला लातुरात. गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत माझ्या मालकांचं किराणा दुकान आणि दुकानाच्या वर घर. शेत सालगडी बघायचा. मुलगा मधून मधून फेरी मारायचा.

आम्हाला तो एकच. शेतकऱ्यांच्या रानात ठिबकच्या नळ्या बसवून द्यायचं काम तो करायचा. त्या कामासाठी एकदा आंध्रात गेला होता, गोदावरी समुद्राला मिळते त्या बाजूला. परत आला तेव्हा कपडे मळलेले, डोळे जागरणाने लाल, आणि दोन्ही हातांत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं. रोपं त्याने आधी न्हाणीत नेऊन उभी केली, त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि मग स्वतः तांब्याने पाणी प्यायला.

"काय हाय रे हे?" मी विचारलं.

"कोको, माय. ज्याचं चॉकलेट होतं ते झाड. तिकडं नारळाच्या सावलीत लावतेत. आपल्या आंब्याखाली येतंय का बघतो."

मालक जेवायला वर आले होते. ते हसायला लागले. "जिंदगी गेली माझी बरणीतनं चॉकलेट इकण्यात. झाडाला लागतं हे आज कळालं."

मुलाचं लग्न होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. सून उदगीरची, बी.एस्सी. झालेली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. ती हाक इतक्या हळू मारायची की पहिले काही महिने मला दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालीस बाई? मुलगा रोपांबरोबर वाळलेल्या बियांचं एक गाठोडंही घेऊन आला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिचं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा करून उठले तर स्वयंपाकघरातून जळकट वास. बघते तर माझी लोखंडी कढई चुलीवर, आणि ही त्यात बदामासारख्या तपकिरी बिया परतून राहिलेली.

"शेंगदाणे भाजतेत तसंच भाजायचं म्हणे आत्या," ती म्हणाली. मला वाटतं आमच्या घरात तिने आपणहून बोललेलं ते पहिलं लांब वाक्य.

भाजलेल्या बियांचं टरफल आम्ही दोघींनी बोटांनी काढलं. मग मी सूप घेतलं. पाखडायला तिला येत नव्हतं, ते माझं काम. टरफल वाऱ्यावर गेलं आणि सुपात काळपट तुकडे राहिले. ते तिने इडलीच्या पिठाच्या दगडी ग्राइंडरमध्ये टाकले आणि ग्राइंडर सुरू केला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद झाला नाही. आधी खडखड, मग घरघर, मग नुसती गुणगुण. कोरडे तुकडे आपल्याच तेलात विरघळून काळ्या पातळ पिठासारखे झाले. त्यात दळलेली खडीसाखर. पहिल्या वेळी तिने गूळ घातला होता, तर सगळा लगदा क्षणात घट्ट होऊन दगडाला चिकटला. मुलाने आंध्रात फोन लावून विचारलं. गुळात ओल असते आणि चॉकलेटला पाण्याचा थेंबही चालत नाही, असं कळलं. तो सगळा घाणा मालकांनी दुधात उकळून संपवला, तक्रार न करता.

मला त्याची चव आवडली असं मी म्हणणार नाही. आधी कडू लागायचं, मग चिंचेसारखं काहीतरी आंबट, आणि तोंडातलं संपून गेल्यावर उशिरा कधीतरी मनुक्यासारखा गोडवा. पण तिचं तोंड त्या दिवसांत उजळलं होतं हे मी बघत होते. आमच्या गल्लीत बाहेरगावहून शिकायला आलेल्या मुलींच्या खोल्या आहेत. त्या मुली दुकानात वही-पेन घ्यायला यायच्या, मालक त्यांच्या पुढ्यात चॉकलेटचा तुकडा ठेवायचे. बहुतेक जणी म्हणायच्या, "अंकल, कडू आहे." एखादी मात्र परत यायची आणि म्हणायची, "ते कडूवालं आहे का अजून?" मग मालक जिन्याखालून ओरडायचे, "सूनबाई, कडूवालं मागून राहिलेत!"

तिकडे ओढ्याकाठी रोपांनी जीव धरला होता. मुलाने आंब्यांच्या मधल्या जागेत केळी लावल्या, केळींच्या आड कोको. वरून हिरवी जाळी, मुळाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. रासायनिक काही घालायचं नाही हे त्याने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत करायचा आणि ते द्यायचा. कोकोचं पान मोठं, लोंबतं. नवीन फुटलेलं पान तांबूस असतं आणि इतकं मऊ की कोमेजलं आहे असंच वाटतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, हे तर मेलं. तो म्हणाला, "न्हाई माय, हे आत्ता जन्मलंय."

पहिला उन्हाळा झाडांनी कसाबसा काढला. दुसरा उन्हाळा कडक निघाला. दुपारी लातुरात रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. मुखेडकडून सालगड्याचा फोन आला की पानांच्या कडा करपून राहिल्यात. मुलगा एक दिवसाआड मोटारसायकलवर जायचा. दिवसातून तीन-चार वेळा नुसता पाण्याचा फवारा मारायचा, हवा ओली राहावी म्हणून. वीज कधी येईल त्याचा भरवसा नव्हता, आली की सगळं सोडून मोटर चालू करायला धावायचं.

त्या दिवशी तो न जेवता गेला. सुनेने डबा दिला होता, तो तसाच झाडाला टांगलेला सापडला. वीज आल्याबरोबर ओल्या पायांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीकडे गेला. तार कुठेतरी उघडी होती. सालगडी दुसऱ्या कडेला होता. मोटारीचा आवाज का येत नाही म्हणून तो बघायला गेला.

फोन दुकानात आला. मालक जिना चढून वर आले आणि दारात उभे राहिले. मी आणि सून चॉकलेटच्या वड्या कागदात गुंडाळत बसलो होतो. त्यांच्या तोंडाकडे बघून सून उठली आणि चपला घालायला लागली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. जंगम स्वामी आले, विभूती लावली, गळ्यातलं लिंग हातात दिलं आणि त्याला बसवून माती दिली. आमच्या रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे त्याच्या आजोबांची समाधी आहे त्याच्या शेजारी. तिथून कोकोची झाडं दिसतात. माती ओढली जात होती तेव्हा माझी नजर सारखी तिकडेच जात होती. हिरवी जाळी, तिच्याखाली ती मऊ पानं. मला त्या झाडांचा असा राग आला की मी दुःख विसरले म्हटलं तरी चालेल. एवढं ऊन होतं, माणसं रडून रडून पाणी मागत होती, आणि ती झाडं त्याने दिलेल्या शेवटच्या पाण्याने ओली दिसत होती.

तेरवीनंतर मी सालगड्याला फोन लावला. म्हटलं, काढून टाक ती सगळी, मला त्या रानात नको. तो कुदळ घेऊन गेला तर सून आधीच तिथे पोहोचलेली. सकाळी मला न सांगता ती एसटीने निघून गेली होती. सालगड्याने तिथूनच फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"झाडानं न्हाई मारलं आत्या," ती म्हणाली. "तारेनं मारलं. झाडं राहू द्या."

मी फोन ठेवून दिला. पण झाडं राहिली.

तिचे आई-वडील उदगीरहून न्यायला आले. ती म्हणाली, एवढा उन्हाळा जाऊ द्या. मग पावसाळा आला, मग दिवाळी. ते आणखी एकदा येऊन गेले. मग यायचे थांबले. आठवड्यातून दोनदा ती पहाटेच्या गाडीने मुखेडला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. अंगाला शेण-गोमूत्राचा वास, नखांत माती. मी विचारायची नाही, ती सांगायची नाही. कपडे बदलून माझ्या शेजारी भाकरी करायला बसायची. घरात मधले काही महिने असे गेले की तिघांमध्ये मिळून दिवसाकाठी दहा वाक्यंही होत नव्हती. ग्राइंडरचा आवाज मात्र तिने परत सुरू केला. मला वाटतं तो नसता तर आमच्या घरात दुसरा आवाजच नव्हता.

बिया आंध्रातूनच यायच्या. ज्याच्याकडून मुलाने रोपं आणली तोच माणूस पाठवायचा. तो मूळचा आपल्या देगलूरचा, लहानपणी मामाकडे तिकडे गेला आणि मामाच्या कोकोच्या बागेतच वाढला. मुलगा गेल्याचं त्याला बऱ्याच उशिरा कळलं. कळल्यावर तो फोन न करता सरळ आला. पस्तिशीचा, सावळा, बारीक माणूस. मराठी आपलीच, पण मध्येच तेलुगू शब्द यायचा. मला अम्मा म्हणाला. आम्ही तिघं त्याच्याबरोबर शेतात गेलो. आधी तो समाधीपाशी चप्पल काढून बसला. मग उठून झाडांकडे गेला. खोडावर हात फिरवला, पान उलटं करून बघितलं, मुळाशी बोट खुपसून ओल बघितली.

सून विहिरीकडे गेली होती. तो मला म्हणाला, "अम्मा, खरं सांगू का? ही इथं जगली हेच लई झालं. ही हवा त्यांची न्हाई. आमच्याकडं हवेतच पाणी असतंय. इथं एक उन्हाळा वाईट आला, विहीर आटली, तर संपलं."

"तिला सांगू नको," मी म्हणाले.

पण ती मागे येऊन उभी होती. "तो उन्हाळा येईल तवा बघू," ती म्हणाली आणि बादली घेऊन पुढे गेली.

त्यानंतर तो फोनवर तिला सांगत राहिला. कोणती फांदी छाटायची, कीड दिसली तर निंबोळीचा अर्क किती पातळ करायचा, फुलं आली तर पाणी कसं द्यायचं. आणि फुलं आली. एके दिवशी ती शेतातून आली तीच माझा हात धरून म्हणाली, "आत्या, उद्या चला. मला एकटीला बघवत न्हाई."

मुलाला माती दिल्यापासून मी वर्षाच्या पूजा आणि देगलूरवाला आला तो दिवस सोडून तिकडे गेले नव्हते, आणि पूजेला गेले तरी झाडांकडे पाठ करून बसायची. त्या दिवशी गेले. कोकोचं फूल फांदीच्या टोकाला येत नाही. खोडालाच फुटतं, उंबरासारखं. नखाएवढी, पांढरी-गुलाबी फुलं सालीतून बाहेर आली होती. ती नुसती बघत उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो गेल्यानंतर आम्ही दोघी एकत्र रडलो त्या तिथेच, पहिल्यांदा. घरी आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत रडायचो.

बहुतेक फुलं गळून गेली. काहींची फळं झाली. त्यातली काही वानरांनी नेली, काही खारींनी पोखरली. उरलेली पिवळी झाली तेव्हा तिने ती ओटीत घेऊन एसटीने लातूरला आणली, मांडीवरून खाली ठेवली नाहीत. फळ सुरीने कापत नाहीत, आतल्या बियांना इजा होते. आम्ही ते उंबऱ्यावर आपटून फोडलं. आत सीताफळासारखा पांढरा गर आणि गरात बिया. मालकांनी एक बी तोंडात टाकली. "गोड हाय की!" ते म्हणाले. "मग ते कडू कुठून येतं?"

बिया आंबवायच्या असतात. खूप बिया असल्या तर त्यांची त्यांनाच ऊब येते, आपल्या थोड्या होत्या. त्या देगलूरवाल्याने फोनवर सांगितलं तसं तिने त्या केळीच्या पानात बांधल्या, थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या आणि डब्याला मालकांची जुनी घोंगडी गुंडाळली. दोन दिवसांनी घरभर आंबूस वास. तिने मला घोंगडीखाली हात घालायला सांगितला. पानाच्या आत गरम लागत होतं, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं. मी हात पटकन काढून घेतला आणि मोरीत जाऊन धुतला. पुढचे दिवस ती एकटीच बिया खालीवर करत राहिली.

मग गच्चीवर वाळवणं, मग कढई, मग सूप. ग्राइंडरच्या तळाला पुरेल एवढाच माल निघाला. वड्या पाडून झाल्या तेव्हा आम्ही तिघं जेवणाच्या पाटावरच बसलो होतो. मालकांना साखरेचा आजार, पण त्यांनी हात पुढे केला. तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. म्हणाले, "आंबट झालंय गं थोडं." आणि आणखी एक तुकडा घेऊन खाली गेले. मी थोड्या वेळाने चहा घेऊन गेले तर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि ते डाळीच्या पोत्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी चहा गल्ल्यावर ठेवून परत आले.

तिने त्या आमच्या चॉकलेटचा तुकडा आंध्रात पाठवला होता. त्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. तो बहुतेक चव कशी झाली ते सांगत असावा, कारण ती म्हणाली, "मग काय म्हणता, भाजताना आच कमी पडली का भाजणारी कमी पडली?" आणि हसली. मोकळं, जोरात. मुलगा असताना ती तशी हसायची. मी घड्या घेऊन बाहेर आले. मला बघितलं आणि तिने हसणं आवरलं. पदर नीट केला, "ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला. उठून माझ्या हातातल्या घड्या घेतल्या.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिने काही वावगं केलं नव्हतं. ती हसली होती एवढंच. आणि मी दारात आल्यावर तिला ते थांबवावं लागलं. मी तिशीची असताना माझ्यासमोर कुणी असं उभं राहिलं असतं तर? ती अजून तिशीचीही नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात त्या देगलूरवाल्याच्या आईचा मला फोन आला. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, पण कळत होतं. तिच्या मुलाचं पहिलं लग्न मोडलं होतं, मूलबाळ नाही. तुमची सून तुमची लेक आहे, विचारायचं तर तुम्हालाच, असं ती बाई म्हणाली. मी म्हटलं, चार दिवस द्या.

मालकांना सांगितलं तर त्यांनी ताट सरकवलं. "सून हाय ती आपल्या घरची. उद्या गोलाईत तोंड दाखवायचं का न्हाई?"

"आपल्यात बाईचं दुसरं लग्न कधीपासनं चालत आलंय," मी म्हणाले. "तुमच्या चुलतीचं बी दुसरंच लग्न होतं की."

"मला शिकवू नको."

"शिकवत न्हाई. उद्या तुम्ही-मी गेलो की ती कुणाला भाकर वाढणार, तेवढं सांगा."

ते उठून खाली गेले. दुसऱ्या दिवशी जंगमांकडे गेले, कुणाला न सांगता. आले ते शांत होऊन. म्हणाले, "तिची मर्जी असेल तर माझी ना न्हाई."

तिची मर्जी नव्हती. मी विषय काढला तेव्हा ती बिया निवडत होती. हात थांबले. "मला हाकलून देता का आत्या?" इतकं हळू म्हणाली की पहिल्या वर्षासारखं मला परत विचारावं लागलं. मी तिला जवळ घेतलं. तिला म्हटलं, हाकलत नाही, देते. तिने मान हलवली. मग म्हणाली, "झाडं? आणि ते तिथं एकटे?"

ते म्हणजे माझा मुलगा. मी म्हणाले, "मी त्याची आई हाय. मी हाय की इथं."

बरेच दिवस ती नुसती शेतात जाऊन यायची, ग्राइंडर लावायची. मग एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही महिन्यातनं दोनदा तरी जाल न्हवं तिकडं?" मी हो म्हणाले. तेच तिचं उत्तर होतं.

लग्न आमच्याच घरी झालं, मोजक्या माणसांत. तिचे आई-वडील आले, रडले, माझ्या पाया पडायला वाकले तेव्हा मी त्यांना वाकू दिलं नाही. कन्यादानाला मालक आणि मी बसलो. त्यांनी सोडलेलं पाणी ताटाबाहेर सांडलं. जाताना ती दोन्ही हातांनी माझी मान धरून रडली आणि मी तिला सोडवून गाडीत बसवलं. गाडी वळल्यावर मालक म्हणाले, "त्याला माती दिली तेव्हा एवढं झालं न्हवतं मला." मलाही तसंच वाटत होतं.

मी शब्द पाळला. महिन्यातून दोनदा एसटीने जायची. जीवामृत मला नीट जमत नव्हतं, सालगड्याची बायको करून द्यायची. मी झाडांना घालायची, पाचट सारखं करायची, जाळी फाटली असली तर दोऱ्याने शिवायची. ज्या झाडांना मी तळतळाट दिला होता त्यांची पानं पुसत बसायची. त्यांच्यावर माया जडली असं काही म्हणवत नाही. पण त्याने ती ज्या हाताने लावली तो हात मला माहीत होता.

आणि मग तो उन्हाळा आला, देगलूरवाल्याने सांगितला होता तो. मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसला. ओढा तर आधीच कोरडा. सालगडी बैलगाडीवरून पिंपात पाणी आणायचा, ते आधी गुरांना, मग माणसांना, उरलं तर आंब्यांना. आंबे सासऱ्यांच्या हातचे. कोकोला तांब्या-तांब्या मिळायचं. पानांच्या कडा करपल्या, मग पानं चुरमुऱ्यासारखी वाजायला लागली. केळी आडव्या झाल्या, सावली गेली. मी बसायची झाडापाशी आणि खोडाची साल नखाने खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. एकेक करून आतलं तपकिरी होत गेलं. शेवटच्या झाडाच्या बुंध्यापाशी थोडं हिरवं होतं, तेही पुढच्या खेपेला नव्हतं.

ती दर रविवारी फोन करायची. झाडं कशी आहेत हे शेवटी विचारायची. मी टाळत होते. तेव्हा तिला दिवस गेले होते, पाचवा महिना. एका रविवारी तिने ते शेवटी न विचारता आधीच विचारलं. "आत्या, झाडं?"

"गेली बाई," मी म्हणाले.

पलीकडून मग तिचं रडू ऐकू आलं, आणि त्याच्यामागे तिच्या नवऱ्याचा आवाज, काय झालं विचारणारा. मी तिला गप्प करायचा प्रयत्न केला, अशा दिवसांत रडू नये वगैरे म्हणाले. तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि समाधीवर सावली?" आंबा जगलाय म्हणून सांगितलं. ते खरं होतं.

मालक आता दुकानात कमी बसतात. एकदा मी जिन्यात असताना खालचं बोलणं कानावर आलं. जुनं गिऱ्हाईक होतं, ते विचारत होतं, "शेठ, सून दिसत न्हाई हल्ली? कुठं असती?"

मालकांनी तराजूत साखर घातली, थोडी काढली. म्हणाले, "लेक दिली आंध्रात. चांगलं हाय तिचं."

तिला मुलगी झाली. बाळंतपणाला तिची उदगीरची आई गेली होती. मला सारखा आग्रह होतो, एकदा या, बाग बघा, घर बघा. मालक दोनदा माझी बॅग भरून बसले. मी गुडघ्यांचं कारण सांगते, आणि गुडघे दुखतात हेही खोटं नाही. पण ज्या बागेत माझा मुलगा पहिल्यांदा ते झाड बघून थांबला असेल, तिथे पाय ठेवायला मला अजून जमलेलं नाही. तिला ते कळतं. ती जास्त ताणत नाही.

परवा फोनवर ती मुलीला म्हणत होती, "आज्जी म्हण. आज्जी." मुलगी अजून बोलत नाही. फोन तिच्या तोंडाशी धरला असावा. नुसता श्वास ऐकू येत होता, लहान, भरभर. मी बराच वेळ फोन कानाला धरून ऐकत बसले.